एकाच डोंगराचे तीन कागद : जंगल मोडून शेती झाली तेव्हा कोणी काय पाहिले, ते जुन्या दप्तरांतून कसे शोधावे

जुन्या ठाणे किंवा कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यातला एखादा डोंगरउतार घ्या. १८८० च्या आसपास महसूल खात्याच्या कागदात तो 'वरकस' (डोंगरउताराची हलकी जमीन) म्हणून हलक्या आकाराने, म्हणजे कमी साऱ्याने, लावलेला असू शकतो. त्याच सुमाराच्या वनखात्याच्या कागदात तो राखीव वनाच्या हद्दीत ओढलेला असतो आणि झाडे 'शेंडे छाटून विद्रूप केलेली' असतात. कुणब्याच्या अर्जात तीच जागा राबाची, म्हणजे भाताच्या रोपाची जमीन भाजायला लागणाऱ्या पाल्याफांद्यांची असते, जिच्यावाचून भाताचे रोप होत नाही. यातला कुठलाच कागद खोटा नाही. ज्याला उतारावरून जे मिळवायचे होते ते त्याने पाहिले, बाकीचे सोडून दिले. गावाचा जंगल-शेतीचा इतिहास लिहायला बसणारे बहुतेक जण यातला एकच कागद धरून बसतात. म्हणून पुढची सगळी पद्धत एकाच तत्त्वावर उभी आहे: महसूल, वन आणि कसणारा या तिघांचे म्हणणे एकाच जागेवर, एकाच काळात आणून ठेवायचे.

आधी जागा आणि काळ आवळा

तालुका घेऊ नका, गाव घ्या. गावातही शक्यतो डोंगराकडची दहा-पंधरा सर्व्हे नंबरांची पट्टी घ्या, जिची एक कड लागवडीला आणि दुसरी वनाला लागते. मतभेद तिथेच साचलेले असतात. गावठाणाजवळच्या काळ्या जमिनीबद्दल कोणी भांडत नव्हते.

काळ ठरवताना हे टप्पे हाताशी असू द्या. १८१८ मध्ये पेशवाई गेली. १८३५ पासून इंदापुरातून गोल्डस्मिड आणि विंगेट यांची रयतवारी (सारा थेट कसणाऱ्याकडून घेण्याच्या पद्धतीची) मोजणी सुरू झाली आणि मग ती तालुक्यातालुक्यांतून पसरली. १८४७ मध्ये डॉ. अलेक्झांडर गिब्सन मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. वनकायदा आधी १८६५ चा, मग जास्त कडक १८७८ चा, मग आजही लागू असलेला १९२७ चा. ठाणे-कुलाब्यातल्या तक्रारींसाठी मुंबई वन आयोग १८८५ मध्ये नेमला गेला आणि त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. १८९४ मध्ये हिंदुस्थान सरकारचे पहिले वनधोरण जाहीर झाले. १९४० च्या दशकात 'अधिक धान्य पिकवा' मोहीम, १९५२ मध्ये स्वतंत्र भारताचे वनधोरण, १९८० मध्ये वनसंवर्धन कायदा, २००६ मध्ये वनहक्क कायदा.

कागद कोणत्या दोन टप्प्यांच्या मधला आहे हे माथ्यावर लिहिल्याशिवाय वाचायला घेऊ नका. १८६० चा कलेक्टर जंगल तुटल्याबद्दल समाधान व्यक्त करतो आणि १८८० चा वनाधिकारी त्याच तोडीबद्दल हळहळतो. सरकारचे मत बदलले असे म्हणण्यापेक्षा लिहिणारे खाते बदलले, असे म्हणणे बहुतेक वेळा बरोबर ठरते.

इंग्रजांपासून सुरुवात करू नका

जंगल मोडून गावे वसवण्याचे धोरण त्यांच्या बरेच आधीचे आहे. मराठी दप्तरांत याची खूण म्हणजे कौल (सरकारचे हमीपत्र), आणि त्यातही इस्ताव्याचा कौल. ओस किंवा झाडीची जमीन लागवडीला आणणाऱ्याला पहिली काही वर्षे सारा माफ किंवा नाममात्र, मग दरसाल चढत पूर्ण दरापर्यंत. कौलात तीन गोष्टी शोधा: माफीची वर्षे, चढीचा दर आणि झाडांचा उल्लेख. माफी जितकी लांब तितकी जमीन मोडायला अवघड, किंवा कसणारे मिळणे अवघड.

पण त्याच राजवटीत काही झाडी हेतुपुरस्सर राखलेली असे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात किल्ल्याभोवतीची झाडी राखण्याची ताकीद आहे. आरमारासाठी रयतेची आंबा-फणसाची झाडे बळाने तोडू नयेत, ती त्यांनी लेकरांसारखी वाढवलेली असतात, असेही सांगितले आहे. म्हणजे सत्तेच्या नजरेत झाडाचे निदान तीन भाव होते: मोडून सारा आणणारे, संरक्षण देणारे आणि रयतेच्या मालकीचे. इंग्रजी कागदांत हा तिसरा भाव आक्रसत जातो. मुंबई इलाख्यात सागवान, शिसव आणि चंदन ही झाडे सरकारने बहुतेक ठिकाणी स्वतःकडे राखली, जमीन कोणाचीही असो. म्हणून आपल्या सर्व्हे नंबरातल्या झाडांचा हक्क जमिनीबरोबर दिला होता की वेगळा राखला होता, हे मूळ जमाबंदीच्या (जमीन मोजून सारा ठरवण्याच्या) शर्तींत पाहा. पुढचे निम्मे अर्ज त्यावरूनच झालेले असतात.

मोडी वाचता येत नसेल तर वाचकाची मदत घ्या, पण सन स्वतः तपासा. शके वर्षात ७८ मिळवायचे. दख्खनी फसलीत ५९० आणि सुहूर सनात ५९९ मिळवायचे. फसली आणि सुहूर दोन्ही पावसाळ्याच्या तोंडाला बदलतात, म्हणून जूनच्या आधीचा कागद असेल तर उत्तरात आणखी एक मिळवा. फसली १३०० म्हणजे १८९०-९१.

कागद कोणत्या क्रमाने काढायचे

पहिल्यांदा जिल्ह्याचे जुने गॅझेटियर वाचा, पण नकाशा म्हणून, निकाल म्हणून नव्हे. खानदेशाचा खंड १८८० चा, ठाण्याचा १८८२ चा, कुलाब्याचा आणि नाशिकचा १८८३ चा. ठाण्याचा खंड वन आयोगाच्या आधीचा आहे हे ध्यानात ठेवा. त्यातले जंगलाचे वर्णन हद्दी आखण्याचे काम जोरात असतानाचे आहे, आणि त्या पानांवर तक्रारदाराला जागा नाही. लोकांविषयीच्या आणि शेतीच्या प्रकरणांत मात्र राब, दळी (डोंगरउतारावरची फिरती शेती), कोळसा, काताचा धंदा यांचे तपशील चांगले मिळतात. एकाच ग्रंथात दोन प्रकरणे एकमेकांशी भांडत असतील तर तेच टिपून ठेवा.

दुसरा कागद तालुक्याचा जमाबंदी अहवाल. मुंबई सरकारच्या निवडक दप्तरांच्या मालिकेत हे छापलेले आहेत. मूळ जमाबंदी आणि साधारण तीस वर्षांनी झालेली फेरजमाबंदी, दोन्ही लागतात. एक मिळाला म्हणून थांबू नका; खरी माहिती दोहोंच्या फरकात असते.

तिसरा गट गावाच्या अभिलेखांचा. भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशा, शेतवार पत्रक, आकारबंद (क्षेत्र आणि साऱ्याची यादी), फाळणी (पोटहिश्श्यांची मोजणी) आणि टिपण (मोजणीच्या मापांची नोंद) काढा. तलाठ्याकडून गाव नमुना सहाचे फेरफार, जुने सातबारे, नमुना १-अ म्हणजे वनजमिनींची नोंदवही, आणि नमुना १-ई म्हणजे अतिक्रमणांची नोंदवही. पूर्व विदर्भात याऐवजी मालगुजारी (सारा मालगुजारामार्फत देण्याच्या पद्धतीच्या) जमाबंदीचे कागद, वाजिब-उल-अर्ज (गावच्या वहिवाटींची नोंद) आणि निस्तार पत्रक (चराई, लाकूडफाटा अशा सामाईक हक्कांची नोंद) लागतात. वऱ्हाड वेगळे: तिथे मुंबईच्या धर्तीवर रयतवारी होती, जंगलाचा कायदा १८८६ चा स्वतःचा होता आणि जंगलाचे अ, ब, क असे वर्ग होते. आजही वऱ्हाडात लोक 'ई-क्लास जमीन' म्हणतात तो त्याच वर्गवारीचा शेपटा आहे.

चौथा गट वनखात्याचा: राखीव किंवा संरक्षित वनाच्या अधिसूचना, वन जमाबंदी अधिकाऱ्याचे निर्णय आणि कार्य आयोजना (वनाच्या व्यवस्थापनाचा आराखडा). पाचवा, सगळ्यांत दुर्मीळ, कसणाऱ्यांचा आवाज: अर्ज, आयोगापुढच्या जबान्या, कज्जे, गाणी, देवस्थाने, जागांची नावे.

मुंबई आणि पुण्याच्या पुराभिलेखागारांत महसूल खात्याचे खंड सालवार लावलेले आहेत. अनुक्रमणिकेत फक्त 'वन' पाहिले तर निम्मे हातचे जाते. 'पडीत', 'कुरण', 'चराई', 'दळी', 'राब', 'सागवान', 'कोळसा', 'भिल्ल', 'तगाई' (सरकारी शेतकर्ज) या सगळ्यांखाली शोधा.

महसूल खात्याची नजर कशी ओळखावी

महसुलाच्या कागदात जंगल म्हणजे अजून शेत न झालेली जागा. म्हणूनच त्याचा रकाना 'सरकारी पडीत'. देवराई असो, गुरांचे रान असो की दळीसाठी दहा वर्षे विसावलेला उतार असो, आकार लागला नाही की तो पडीत. अहवालात पडीत मोठे दिसले की लगेच 'निर्जन जंगल' लिहायची घाई होते. त्याच गावच्या गुरांची संख्या, लाकूडफाट्याचा व्यापार आणि कोळशाच्या भट्ट्या पाहिल्या की ते किती वापरात होते हे उमगते.

पडीतावर रयत बसवण्याची घाई फक्त पैशाची नव्हती, धाकाचीही होती. खानदेश हे त्याचे ठळक उदाहरण. १८१८ नंतर तिथल्या डोंगरांतले भिल्ल इंग्रजांना आवरेनात. १८२५ मध्ये भिल्ल पलटण उभी राहिली आणि त्याच सुमारास भिल्ल एजंटांमार्फत जमीन, बी, बैल आणि तगाई देऊन भिल्लांना शेतीवर बसवण्याचे काम सुरू झाले. या पत्रव्यवहारात झाडी ही लपण्याची जागा आहे, आणि नांगर हे पोलिसी कामाचे साधन. इथे किती एकर मोडले यापेक्षा किती माणसे 'स्थिर' झाली याचे आकडे जास्त काळजीने दिलेले आढळतात. तोच लिहिणाऱ्याचा हेतू.

तापाबद्दलची वाक्ये तारीख लावून वाचा. १८९७ मध्ये रोनाल्ड रॉस यांनी डासाच्या शरीरात हिवतापाचे जंतू दाखवले. त्याआधीच्या अहवालांत ताप कुजणाऱ्या पानांच्या दूषित हवेतून येतो असे गृहीत असते, म्हणून 'मुलूख मोकळा झाला' आणि 'हवा सुधारली' ही वाक्ये जोडीने येतात. हे झाडतोडीचे प्रामाणिक समर्थन होते, त्या काळच्या वैद्यकातून आलेले. त्याला निव्वळ लबाडी म्हणणे चूक, आणि त्यावरून खरोखर ताप कमी झाला असे मानणेही चूक.

वाघांचेही तसेच. मारलेल्या हिंस्र श्वापदांचे आणि त्यांनी मारलेल्या माणसा-गुरांचे आकडे सरकार ठेवी, बक्षिसे देई. त्या तक्त्यांत रानडुक्कर मात्र शोधून सापडत नाही, कारण ते माणसे खात नाही, पीक खाते. कसणाऱ्याच्या अर्जात पहिले जनावर तेच असते. वनकायद्याच्याच वर्षी, १८७८ मध्ये, शस्त्र कायदाही आला. पीक राखायला बंदूक नाही आणि डुक्कर लपते ते रान राखीव, अशी दुहेरी तक्रार अर्जांत एकत्र येते ती त्यामुळे.

वनखात्याची नजर

वनखात्याला जंगल रिकामे वाटत नाही. त्याला ते भरलेले आणि चुकीच्या माणसांच्या हातात असलेले वाटते. कार्य आयोजना उघडलीत तर मागून वाचा. परिशिष्टांत वनगुन्ह्यांचे तक्ते, हक्क आणि सवलतींची यादी, कक्षवार (वनाच्या क्रमांकित तुकड्यांवार) क्षेत्रे असतात. त्यानंतर पूर्वेतिहासाचे प्रकरण आणि सगळ्यांत शेवटी पुढच्या वर्षांची कूपे (तोडीसाठी आखलेले तुकडे) आणि लागवड. याचे कारण साधे आहे: पूर्वेतिहास पुढच्या तजविजीचे समर्थन म्हणून लिहिलेला असतो, पण गुन्ह्यांचा तक्ता कोणी समर्थनासाठी लिहीत नाही. एखाद्या परिक्षेत्रात दरसाल कवळतोडीचे (राबासाठी पाल्याफांद्या तोडण्याचे) आणि चराईचे गुन्हे ढिगाने होत असतील, तर तिथे गुन्हेगार जास्त होते असे नसून, गावाची रोजची गरज गुन्ह्याच्या रकान्यात गेली होती.

हक्क, विशेषाधिकार आणि सवलत या तीन पायऱ्यांवर बारीक लक्ष ठेवा. वनकायद्याने (कलमांचे क्रमांक १९२७ च्या कायद्याचे) राखीव वन करताना कलम ४ ची अधिसूचना, कलम ६ चा जाहीरनामा आणि दाव्यांसाठी किमान तीन महिने, मग चौकशी, मग कलम २० ची अंतिम अधिसूचना असा क्रम लावला. पण कलम १० पाहा. फिरत्या शेतीला कायद्याने हक्क मानलेच नाही; तो सरकारच्या नियंत्रणाखालचा, मर्यादित करता येणारा आणि बंद करता येणारा विशेषाधिकार ठरवला. नांगराचे शेत दाव्याला पात्र, कोयता-आगीचे शेत मेहेरबानीवर. ठाकूर आणि कातकऱ्यांच्या दळीचे पुढे जे झाले त्याचे मूळ या एका कलमात आहे.

दळीबद्दलच्या कडक भाषेला पडताळा म्हणून शेजारी एक गोष्ट ठेवा. ब्रह्मदेशात याच वनखात्याने फिरत्या शेतीची पद्धत सागाची रोपे लावून घेण्यासाठी वापरली. मेळघाटासारख्या भागात वनग्रामे वसवली: जमिनीचा तुकडा कसायला द्यायचा आणि बदल्यात जाळरेषा काढणे, तोड, लागवड यांसाठी मजूर हमखास मिळवायचे. म्हणजे आक्षेप आगीवर किंवा जंगलातल्या शेतीवर नव्हता. ती कोणाच्या हुकमाने होते यावर होता. 'विध्वंसक' हा शब्द आला की पुढचे वाक्य याच कसोटीवर घासून पाहा.

सरकार एकमुखी नव्हते याचा सर्वांत चांगला पुरावा १८९४ चे वनधोरण. त्यात वनांचे चार वर्ग केले आहेत: हवामान आणि भूरचनेसाठी राखायची, मौल्यवान लाकडाची, दुय्यम वने आणि चराऊ राने. आणि शेतजमिनीची गरज जंगलातूनच भागणार असेल तर काही अटींवर जंगल सोडावे, असे स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे १८७८ नंतरही शेतीचा मान वर होता. १९४० च्या दशकात धान्यटंचाईत वनजमिनी एकसाली (एका वर्षाच्या) लावणीने दिल्या गेल्या त्या याच विचाराने. १९५२ च्या धोरणाने एक तृतीयांश भूमी वनाखाली असावी असे ठरवले आणि पारडे फिरले. एकसाली प्लॉट कसणारा माणूस तोच राहिला. कागदात तो एका पिढीत धान्य पिकवणारा आणि पुढच्या पिढीत अतिक्रमक झाला. नमुना १-ई मधली नावे जुन्या एकसाली यादीशी ताडून पाहा.

कसणाऱ्यांची नजर

इथे सर्वांत जास्त गफलत होते, कारण 'रयत' नावाचा एकच माणूस नव्हता.

भात लावणारा कुणबी किंवा आगरी डोंगराकडे राबासाठी पाही. दाढ (रोपाची जागा) भाजताना खाली शेण किंवा गोवर, त्यावर कवळ, वर पातेरा आणि गवत, आणि आग भडकू नये, धुमसत राहावी म्हणून माथ्यावर मातीचा पातळ थर. फाल्गुनापासून वैशाखापर्यंत हे काम चाले. रोपाची जागा लागवडीच्या साधारण दहाव्या हिश्शाची, पण तिला लागणारी कवळ कितीतरी मोठ्या रानातून आणावी लागे; ऐनाची विशेष. म्हणून त्याला झाड जिवंत हवे होते, पण दर एक-दोन वर्षांनी छाटलेले. वनाधिकाऱ्याला तेच झाड सरळ वाढून इमारती लाकूड व्हायला हवे होते. झाड दोघांनाही हवेच होते, आकार वेगळा. हा वाद इतका पेटला की शेतकी खात्याने राबाची उपयुक्तता मोजायला प्रयोग केले. तुमच्या गावात भातखाचरांच्या वरच्या उतारावर ठेंगणे, गाठाळ ऐन आजही असतील तर ते त्या काळचा कागदच समजा.

दळी करणारा ठाकूर किंवा कातकरी वेगळा. हिवाळ्यात उतारावरची झुडपे-फांद्या तोडायच्या, वाळू द्यायच्या, पावसाआधी जाळायच्या; पहिल्या वर्षी नाचणी, मग वरी, शेवटी खुरासणी, आणि जमीन काही वर्षे सोडून द्यायची. त्याच्या दृष्टीने सोडलेली जमीन ही पडीत नसून पाळीतली असते. रायगड जिल्ह्यात दळी जमिनींचा विषय अजून संपलेला नाही, त्यामुळे तिथे जुन्या दळी नोंदवह्या मिळाल्या तर त्या जपून हाताळा आणि पहिल्यांदा छायाचित्रे काढा.

तिसरा खोत, जमीनदार, लाकूड आणि कोळशाचा ठेकेदार. यांना जंगल म्हणजे माल. १८८० च्या दशकात ठाण्यात वनखात्याविरुद्ध चळवळ उभी राहिली, तिच्यात वकील आणि जमीनदार पुढे होते. अर्ज गरीब रयतेच्या नावाने आहे, पण मागणी मालकी झाडे तोडून विकण्याच्या परवान्याची आहे, असे आढळले तर दोन्ही गोष्टी नोंदवा. अर्जाची सही, भाषा आणि शेवटची मागणी या तीन जागा पाहिल्या की बोलवता धनी बहुधा कळतो. जोतीराव फुल्यांचे १८८३ चे लिखाण ('शेतकऱ्याचा असूड') या ठिकाणी उपयोगी पडते, कारण त्यांचा रोख शेळ्यामेंढ्या चारणाऱ्या, पाला-फुले-फळे गोळा करणाऱ्या लहान शेतकऱ्यावर आहे. सभांच्या निवेदनांत हा माणूस फार थोडा दिसतो.

वन आयोगाच्या जबान्यांत साक्षीदाराची जात, धंदा आणि गाव पाहून वेगळ्या याद्या करा. प्रश्न कोणी विचारला तेही टिपा. 'तुम्ही झाडे तोडता का?' याला आलेले 'हो' आणि 'तुम्हाला कवळ कुठून मिळते?' याला आलेले उत्तर ही एकच माहिती असते, पण पहिली कबुली म्हणून छापली जाते.

मोहाबद्दलही वेगळा रकाना करा. कसणाऱ्याला मोह म्हणजे टंचाईतले अन्न, गुरांची वैरण, तेल आणि दारू. अबकारी खात्याला फक्त दारू. ठाणे-कुलाब्यासाठी १८९२ मध्ये खास मोहाचा कायदा करून फुले गोळा करण्यावर आणि साठवण्यावर निर्बंध घातले गेले. दुष्काळाच्या वर्षी मात्र हेच सरकार राखीव राने गवत आणि रानमेव्यासाठी खुली करते. १८७६-७८, १८९६-९७ आणि १८९९-१९०० या वर्षांचे कागद म्हणून वेगळे काढा. एरवी दडलेला वापर त्या वर्षांत उघड लिहिला जातो.

लेखी आवाज नसेल तिथे जागा बोलतात. वाघदेवाचा कोरलेला लाकडी खांब कुठे आहे, देवराईची हद्द कुठून जाते, दळी किंवा राब हे शब्द कोणत्या माळाच्या नावात उरले आहेत, हे नकाशावर मांडा. पण वाघदेव पुजतात म्हणून लोक वाघाशी गुण्यागोविंदाने राहत होते असे काढू नका. भीतीनेही पुजतात, आणि गुरे मेल्यावर सरकारी बक्षीसही घेतात.

आकडे आणि नकाशे जुळवताना होणाऱ्या चुका

जुन्या नोंदीत '१२-३०' असेल तर ते बारा एकर तीस गुंठे, म्हणजे १२.७५ एकर. संगणकावर ते १२.३० म्हणून भरले की पुढची सगळी बेरीज बिघडते. ४० गुंठ्यांचा एकर; १२ एकर ३० गुंठे म्हणजे साधारण ५.१६ हेक्टर. मोजणीची साखळी ३३ फुटांची आणि तिचे १६ आणे. टिपणातले आणे हे लांबीचे असतात आणि वर्गवारीतले आणे जमिनीच्या प्रतीचे. गल्लत करू नका. पेशवाईतला बिघा (२० पांडांचा) आणि चाहूर (१२० बिघ्यांचा) यांचे एकरात सरसकट रूपांतर टाळा, कारण काठीची लांबी सगळीकडे सारखी नव्हती.

पोटखराबा (सर्व्हे नंबरातले लागवडीला न येणारे क्षेत्र) वेगळा धरला आहे की क्षेत्रात मिळवला आहे हे प्रत्येक कागदात पाहा. डोंगराळ गावांत फरक मोठा पडतो.

सर्वांत फसवा आकडा घटलेल्या पडीताचा. मूळ जमाबंदीत ९०० एकर पडीत आणि फेरजमाबंदीत २०० एकर असे दिसले, तर ७०० एकर जंगल शेतीखाली गेले असे सरळ लिहू नका. मधल्या तीस वर्षांत वनाची हद्द आखली गेली असेल तर त्यातला मोठा भाग फक्त रकाना बदलून 'वन' झालेला असतो. लागवडीखालचे क्षेत्र खरोखर किती वाढले ते वेगळे काढा. कुरण आणि गायरान कुठे गेले तेही त्याच तक्त्यात पाहा.

पूर्व विदर्भात उलट घडते. निस्तार पत्रकात 'मोठ्या झाडांचे जंगल' आणि 'झुडपी जंगल' असे रकाने आहेत. झुडपी जंगल हा मुळात महसुली वर्ग, गावाच्या निस्ताराची हलकी जमीन. १२ डिसेंबर १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने 'वन' शब्दाची व्याप्ती वाढली आणि मे २०२५ च्या निकालाने झुडपी जंगलही वनच ठरले. आजच्या अर्थाने जुना रकाना वाचला की गोंधळ ठरलेला.

नकाशे जोडताना गावनकाशा साधारण १ : ७,९२० म्हणजे मैलाला आठ इंच, वनखात्याचे बरेच जुने नकाशे १ : १५,८४० म्हणजे मैलाला चार इंच. क्यूजीआयएस या नकाशांच्या संगणकप्रणालीत बसवताना किमान सहा खुणा घ्या: तीन शिवा मिळतात ते दगड, जुनी विहीर, देऊळ, गावठाणाचे कोपरे. ओढ्याचे वळण खूण म्हणून घेऊ नका, ते सरकते. दोन हद्दी एकमेकींवर चढल्या तर ती तुमची चूक समजून दुरुस्त करू नका. अनेक गावांत दोन्ही खात्यांनी एकच जमीन खरोखर आपल्या हद्दीत धरलेली आहे.

आणखी एक सापळा: जमीन मोडणारा आणि नोंदीतला खातेदार एकच मानणे. झाडी तोडून शेत करणारा वारली किंवा भिल्ल, आणि दहा वर्षांनी फेरफारात सावकाराचे नाव, हे पश्चिम खानदेशात आणि ठाण्यात नेहमीचे. फेरफार मागे मागे नेत पहिल्या नावापर्यंत जा.

मांडणी आणि वनहक्काचा उपयोग

प्रत्येक सर्व्हे नंबर किंवा कक्षासाठी एक ओळ आणि सहा रकाने पुरतात: साल, कागद, लिहिणारे खाते किंवा माणूस, जागेला दिलेली वर्गवारी, मागणी किंवा हुकूम, आणि तो अमलात आल्याचा पुरावा. शेवटचा रकाना रिकामा राहिला तर रिकामाच ठेवा. हुकूम निघाला म्हणजे दळी थांबली असे होत नाही. पुढच्या वर्षीचा गुन्ह्यांचा तक्ता बहुधा उलट सांगतो.

वनहक्क कायद्याच्या नियम १३ मध्ये गॅझेटियर, जनगणना, जमाबंदी अहवाल, नकाशे, कार्य आयोजना, वनचौकशीचे अहवाल, हक्कनोंदी, भाडेपट्टे, आयोगांचे अहवाल हे सगळे पुरावे म्हणून धरले आहेत आणि ग्रामसभेने एकाहून अधिक पुरावे विचारात घ्यावेत असे म्हटले आहे. ताबा १३ डिसेंबर २००५ आधीचा लागतो. इतर पारंपरिक वननिवासींना (अनुसूचित जमातींखेरीजच्या) त्या तारखेआधी तीन पिढ्यांची, म्हणजे ७५ वर्षांची वहिवाट दाखवावी लागते, आणि जुने कागद खरे उपयोगी पडतात ते तिथे. सामूहिक दाव्यासाठी कवळ, मोह, चराई आणि निस्ताराच्या नोंदी काढा. वैयक्तिक दाव्यासाठी एकसाली आणि दळीच्या याद्या. वनगुन्ह्याची पावती फेकू नका. त्या साली, त्या कक्षात, त्या माणसाचा वावर होता हे ती पावती सरकारी शिक्क्यानिशी सांगते.

नक्कल घेताना ती प्रमाणित करून घ्या आणि मागच्या बाजूला दप्तराचे नाव, खंड, पान आणि नक्कल घेतल्याची तारीख लिहा. गॅझेटियरच्या पानाबरोबर मुखपृष्ठाचीही प्रत जोडा. साल नसलेले सुटे पान उपविभागीय समितीत पहिल्यांदा बाजूला काढले जाते.